नाते भांडवल देते, पगार देत नाही

परदेशात गेलेल्या एखाद्या समाजाने धंद्यात जम बसवला की त्याची कथा ठरलेल्या पद्धतीने सांगितली जाते. अमेरिकेतले मोटेलवाले पटेल घ्या, मायामीतले क्युबन घ्या, नाहीतर न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधले चिनी घ्या. हे लोक एकमेकांना धरून राहिले, नव्याने आलेल्याला आपल्याच दुकानात कामाला लावले, विनातारण पैसे दिले आणि एका पिढीत सगळा समाज वर आला, असे आपण ऐकतो. महाराष्ट्रात त्याला पुढचे वाक्य हमखास जोडले जाते: आपण मराठी माणसे एकमेकांना धरून राहत नाही, म्हणून धंद्यात मागे पडतो.

ही कथा गल्ल्यावर बसलेल्या माणसापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. भटारखान्यात भांडी घासणारा, नगावर मजुरी घेऊन कॉलर शिवणारी किंवा मोटेलच्या चादरी बदलणारी बाई तिच्यात येत नाही. याच्या उलट दुसरी एक समजूत आहे. तिच्या मते स्थलांतरितांचे असे धंदे म्हणजे आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांची केलेली पिळवणूक, बाकी काही नाही. माझ्या मते दोन्ही समजुती उथळ आहेत, कारण समाजाच्या नात्याला त्या नको इतके श्रेय किंवा नको इतका दोष देतात.

माझे म्हणणे असे आहे. समाजाचे नाते धंद्याला लागणारे भांडवल, माहिती आणि पोहोचल्यावरची पहिली नोकरी मिळवून देते. कामगाराचा पगार ते ठरवत नाही. ही नोकरी सोडून दुसरीकडे जाता येते का, हातात कागदपत्रे आहेत का, कायदा आणि युनियन आपल्यापर्यंत पोहोचतात का, यावर त्याचा पगार ठरतो. मालकाची कमाई आणि कामगाराची कमाई वेगवेगळ्या कारणांनी घडते. दोन्ही एकाच सरासरीत घालून समाजाची प्रगती सांगणे ही दिशाभूल आहे.

1. वादाचा उगम

समाजशास्त्रात हा वाद 1980 मध्ये पेटला. अलेहांद्रो पोर्टेस आणि केनेथ विल्सन यांनी मायामीत नुकत्याच आलेल्या क्युबन स्थलांतरितांचा अभ्यास मांडला. तोपर्यंतची समजूत अशी होती की स्थलांतरिताने लवकरात लवकर मुख्य प्रवाहातली नोकरी धरावी. आपल्या वस्तीतल्या धंद्यात राहिला तर तो तळाशीच अडकेल. पोर्टेस आणि विल्सन यांचा निष्कर्ष वेगळा निघाला. क्युबन मालकाकडे काम करणाऱ्याला त्याच्या शिक्षणाचा आणि अनुभवाचा मोबदला मिळतो, बाहेरच्या तळाच्या नोकऱ्यांत तो मिळत नाही, असे त्यांनी दाखवले. ‘आपल्या माणसांत राहा, वर याल’ या समजुतीला यातून शास्त्रीय आधार मिळाला.

1987 मध्ये जिमी सँडर्स आणि व्हिक्टर नी यांनी मायामीचे क्युबन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे चिनी यांची जनगणनेतली आकडेवारी तपासली, आणि तपासताना मालक आणि नोकरदार वेगळे काढले. लाभ ठळकपणे मालकांच्या बाजूला दिसला. नोकरदारांच्या बाबतीत तो टिकला नाही. पोर्टेस यांनी उत्तर दिले की सँडर्स आणि नी यांनी माणूस राहतो कुठे हे पाहिले, काम कुठे करतो हे पाहिले नाही. हा आक्षेप रास्त होता. वस्तीत दुकान चालवणारा यशस्वी मालक बहुधा उपनगरात घर घेतो.

मग 1989 मध्ये मिन झोउ आणि जॉन लोगन यांनी न्यूयॉर्कच्या चिनी समाजाकडे राहण्याची जागा, कामाची जागा आणि उद्योग अशा तिन्ही अंगांनी पाहिले. पुरुषांना त्यांच्या शिक्षणाचा काही मोबदला वस्तीतल्या अर्थव्यवस्थेत मिळत होता. स्त्रियांना मिळत नव्हता. इथे एक गोष्ट आठवावी: पोर्टेस आणि विल्सन यांनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या ते सगळे पुरुष होते. ज्या अभ्यासावर ‘वस्ती वर आणते’ हा सिद्धांत उभा राहिला, त्यात शिलाई यंत्रावर बसलेल्या बाईला कुणी प्रश्नच विचारला नव्हता.

2. मायामीचे श्रेय कुणाला

क्युबनांचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते, म्हणून त्याचे घटक सुटे करून पाहावेत. 1959 च्या क्रांतीनंतर पहिल्यांदा बाहेर पडले ते व्यापारी, बँकवाले, डॉक्टर, वकील. त्यांचे पैसे मागे राहिले असतील, पण धंद्याची जाण आणि ओळखी बरोबर आल्या. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने त्यांना शत्रूच्या राजवटीतून सुटलेले पाहुणे मानले. 1961 पासून निर्वासितांसाठी संघराज्य सरकारचा खास कार्यक्रम चालला, आणि 1966 च्या कायद्याने त्यांना कायम वास्तव्याचा सरळ मार्ग मिळाला. बँकांत बसलेल्या क्युबन अधिकाऱ्यांनी हवानातल्या ओळखीवर, तारण न घेता कर्जे दिली. पुढच्या लाटांत आलेल्या अनोळखी, गरीब क्युबनांना ही कर्जे मिळेनाशी झाली.

1980 मध्ये मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख क्युबन आले. भाषा तीच, देशही तोच, पण पहिल्यांच्या वाट्याला आलेले दरवाजे त्यांना उघडे सापडले नाहीत. त्याच सुमारास, त्याच शहरात हैतीचे लोक होड्यांतून येत होते. त्यांच्यातही कुटुंबाची आणि गावाची घट्ट बांधिलकी होती. सरकारने मात्र त्यांना स्थानबद्धतेत ठेवले आणि परत पाठवण्याची खटपट केली. त्यांच्या लिटल हैती वस्तीत क्युबनांच्या लिटल हवानासारखी अर्थव्यवस्था उभी राहिली नाही. एका शहरातल्या या तीन गटांत एकोप्याचा फरक शोधून काही हाती लागत नाही. वर्ग, वर्ण आणि सरकारचे धोरण यांतला फरक मात्र उघड आहे.

3. मालकाची कमाई कशाची बनते

मालकाचे उत्पन्न कामगाराच्या पगारापेक्षा जास्त दिसते, म्हणून धंदा हा वर जाण्याचा मार्ग असे म्हटले जाते. या उत्पन्नात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: गुंतवलेल्या पैशाचा परतावा, मालकाच्या स्वतःच्या श्रमाची मजुरी आणि घरच्यांच्या बिनपगारी श्रमाची किंमत. जनगणनेच्या तक्त्यात मात्र एका माणसापुढे एकच आकडा पडतो.

मोटेलांच्या धंद्यात हे स्पष्ट दिसते. गुजराती कुटुंबांनी हायवेलगतची पडीक मोटेले घेतली ती नातेवाइकांच्या हातउसन्या पैशांवर, आणि चालवली ती तिथेच राहून. नवरा रात्री काउंटरवर, बायको सकाळी खोल्यांत, मुले शाळेतून आल्यावर धुलाईच्या कामाला. घरभाडे नाही, नोकराचा पगार नाही. म्हणून स्थानिक मालकाला न परवडणारे मोटेल त्यांना परवडले. पुढे त्यांनी ब्रँडेड हॉटेले घेतली आणि 1989 मध्ये देशव्यापी संघटना काढली. हे कर्तृत्व मला मोलाचे वाटते. ते मोजताना त्या बायकांचे आणि मुलांचे तास शून्य धरले जातात, हा माझा आक्षेप आहे. शिवाय धंदा वाढल्यावर खोल्या साफ करायला जे लोक ठेवले जातात, त्यांत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. समाजाच्या एकोप्याचा त्यांच्या पगाराशी संबंधच उरत नाही.

कोरियनांचे चित्र आणखी वेगळे आहे. अमेरिकेच्या 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या कोरियनांत पदवीधर भरपूर होते. इंग्रजी कच्चे आणि तिकडच्या पदवीला इकडे किंमत नाही, म्हणून ते किराणा, भाजी, दारू यांच्या दुकानांकडे वळले. त्यांच्यासाठी धंदा ही बंद झालेल्या नोकरीची पर्यायी वाट होती. एडना बोनासिच यांनी 1973 मध्ये अशा समाजांना मधले व्यापारी अल्पसंख्याक म्हटले: वर मोठे घाऊक विक्रेते, खाली गरीब गिऱ्हाईक आणि मध्ये हे. 1992 च्या लॉस एंजेलिसच्या दंगलीत दोन हजारांहून अधिक कोरियन दुकानांचे नुकसान झाले. ही जोखीमही मालकाच्या उत्पन्नातून वजा करायला हवी, आणि ती कुणी करत नाही.

4. भिशी कुणाला लागते

इव्हान लाइट यांनी 1972 च्या पुस्तकात दाखवले की चिनी आणि जपानी स्थलांतरितांनी बँकेच्या दारात न जाता आपसांतल्या भिशीतून दुकाने उभी केली. कोरियनांतही ही प्रथा जोरात होती. नात्याची खरी ताकद इथे आहे. पैसे बुडवले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, ही धास्ती तारणाचे काम करते.

पण भिशीत बसायला दरमहा हप्ता लागतो, आणि हप्ता भरायला खर्च भागून काही उरावे लागते. ज्याला किमान वेतनही मिळत नाही किंवा ज्याचा अर्धा पगार प्रवासाच्या कर्जात जातो, त्याला या वर्तुळात जागा मिळत नाही. ओळखीवर चालणारे कर्ज आधीच ओळख असलेल्याला मिळते. अशा रीतीने भांडवल देणारे नाते समाजाच्या आत एक रेषा आखते, आणि रेषेच्या खालचा माणूस मालकाचा गाववाला असूनही कामगारच राहतो.

5. पगार कोण ठरवतो

1993 च्या जूनमध्ये गोल्डन व्हेंचर नावाचे जहाज न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर वाळूत रुतले. त्यात 286 चिनी होते, बहुतेक फुजियान प्रांतातले. किनारा गाठण्याच्या धडपडीत दहा जण मेले. या प्रवासासाठी तस्करांचा दर त्या काळी माणशी सुमारे 30 हजार डॉलर होता. हे कर्ज डोक्यावर घेऊन उतरलेला माणूस चायनाटाउनच्या रेस्टॉरंटात शिरतो तेव्हा त्याला पगारावर घासाघीस करता येत नाही. इंग्रजी येत नाही, कागद नाहीत, गावी घरच्यांना सावकाराचा धाक. अमेरिकेच्या 1986 च्या कायद्याने कागद नसलेल्याला जाणूनबुजून कामावर ठेवणे मालकासाठी बेकायदेशीर ठरवले. चायनाटाउनचे अभ्यासक पीटर क्वाँग यांनी दाखवून दिले की त्यामुळे हे कामगार आपल्याच भाषेतल्या मालकांच्या हाती अधिक सापडले. मालक दुष्ट होता की सज्जन हा प्रश्न इथे गौण आहे. ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याच्या श्रमाचा भाव पडतो.

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात हेच दुसऱ्या रूपात दिसले. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, त्यातले पुष्कळ लेस्टरला आले आणि या मेहनती माणसांमुळे शहराचा व्यापार फुलला. मोठ्या होजियरी गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जुन्या इमारतींत शिलाईचे छोटे कारखाने निघाले. मालक आणि कामगार बऱ्याच ठिकाणी दक्षिण आशियाई वंशाचेच. 2018 मध्ये फायनान्शियल टाइम्सने तिथे तासाला साडेतीन पौंडांवर काम चालत असल्याचे उघड केले. तेव्हा कायदेशीर किमान वेतन 7.83 पौंड होते. 2020 मध्ये तिथून कपडे घेणाऱ्या बूहू या कंपनीने स्वतः नेमलेल्या वकील ॲलिसन लेव्हिट यांच्या अहवालानेही कमी पगाराचे आणि वाईट कामाच्या स्थितीचे आरोप बव्हंशी खरे असल्याचे म्हटले.

पण लेस्टरचा कारखानदार किंमत ठरवत नव्हता. ड्रेसचा भाव ब्रँड सांगत होता. न परवडला तर काम शेजारच्या गाळ्यात जात होते. ठेकेदारीच्या साखळीत छोटा मालक स्वतःच दबलेला असतो, आणि त्याच्याकडे पिळण्यासारखे एकच खाते उरते, मजुरीचे. ‘आपल्याच माणसाने लुबाडले’ एवढ्यावर थांबणाऱ्या टीकाकाराची नजर साखळीच्या वरच्या टोकाला जात नाही.

6. 24 जून 1982

माझ्या प्रतिपादनाची सर्वांत चांगली कसोटी न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्येच लागली. 1982 मध्ये तिथे सुमारे वीस हजार कामगार कपडे शिवत होते, जवळपास सगळ्या स्त्रिया. त्या युनियनच्या सभासद होत्या. मालक चिनी ठेकेदार होते. नव्या कराराची वेळ आली तेव्हा इतर ठेकेदारांनी सही केली. चिनी ठेकेदारांनी नकार दिला. वाटाघाटीत आपल्याला धरले नाही अशी त्यांची तक्रार होती, आणि ती अगदी पोकळ नव्हती. त्यांनी कामगार स्त्रियांना आवाहन केले ते चिनीपणाच्या नावाने: आपण एका रक्ताचे, बाहेरच्या युनियनचे ऐकू नका.

24 जूनला कोलंबस पार्कमध्ये हजारो स्त्रिया युनियनच्या टोप्या घालून जमल्या. काही दिवसांतच ठेकेदारांनी सह्या केल्या.

या स्त्रिया एवढ्या ठाम का राहिल्या? कारण त्यांच्यासाठी कमाई म्हणजे फक्त डॉलर नव्हते. त्यांचे नवरे चिनी रेस्टॉरंटांत राबत होते, तिथे आरोग्य विमा नव्हता. अख्ख्या कुटुंबाचा विमा बायकोच्या युनियन कार्डावर चालत होता. तक्त्यात जिची मजुरी सर्वांत कमी दिसते, तीच बाई घरातले सर्वांत मोलाचे कागदपत्र सांभाळत होती. आणि हा विमा समाजाच्या नात्यातून आलेला नव्हता. तो करारातून आला होता. चिनी असणे त्या सोडत नव्हत्या. सभा त्यांच्याच भाषेत झाली, संघटना शेजार-ओळखीतूनच बांधली गेली. नाते दोन्ही बाजूंना होते. फरक करारावरच्या सहीने पडला.

7. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: आज कमी पगार, उद्या मालकी, ही उमेदवारी आहे. थॉमस बेली आणि रॉजर वॉल्डिंगर यांनी 1991 मध्ये जवळपास हाच विचार मांडला, की स्थलांतरितांचे धंदे ही प्रशिक्षणाची व्यवस्था असते. मला हा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. देशांतर्गत स्थलांतराचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण म्हणजे मुंबईतली उडुपी हॉटेले. दक्षिण कन्नडहून पोऱ्या म्हणून आलेली मुले पुढे हॉटेलमालक झाली. माटुंग्यात 1942 मध्ये खाणावळ सुरू करणारे रामा नायक यांनीही सुरुवात स्वयंपाकघरातल्या पडेल कामापासून केली होती. पण हिशेब करून पाहा. एका हॉटेलात एक मालक आणि आठ कामगार आहेत. आठही जणांना मालक व्हायचे तर हॉटेले नऊ हवीत, आणि त्या नऊ हॉटेलांना नवे बहात्तर कामगार हवेत. गिऱ्हाईक काही नऊपट होत नाही. उमेदवारी काहींनाच फळते, हे गणितातच आहे. म्हणून उरलेल्यांच्या पगाराचा प्रश्न ‘उद्या तूही मालक होशील’ या आश्वासनाने मिटत नाही. शिवाय उडुपी हॉटेलातल्या पोराकडे या देशाचे नागरिकत्व होते आणि रात्री जायला मुंबईत कन्नड रात्रशाळा होत्या. त्याच्यासाठी बाहेरची वाट खुली होती. कर्जबाजारी फुजियानी माणसासाठी ती नव्हती.

दुसरा आक्षेप आकड्यांचा: आपल्या माणसांच्या वस्तीत राहिल्याने कामगाराची कमाईही वाढते. स्वीडनने 1985 पासून निर्वासितांना कुठे राहायचे ते सरकारी पातळीवर नेमून दिले, त्यामुळे ‘जे मुळात दुबळे तेच वस्तीत राहतात’ ही अडचण तिथल्या अभ्यासात बरीच कमी झाली. 2003 मध्ये एडिन, फ्रेडरिक्सन आणि ऑस्लुंड या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की आपल्या देशवासीयांच्या दाट वस्तीत राहिल्याने कमी शिकलेल्यांची कमाई वाढली. हा निष्कर्ष मी मान्य करतो. त्याच अभ्यासात पुढे असेही आहे की समाज स्वतः चांगला कमावणारा असेल तर लाभ अधिक, गरीब असेल तर कमी. यात माझी एक भर: स्वीडनमध्ये सामूहिक करारांनी पगाराचा तळ बराच वर धरलेला आहे. ओळखीने नोकरी मिळाली तरी ती त्या तळाच्या फार खाली जाऊ शकत नाही. नात्याचा चांगला भाग कामी येतो आणि वाईट भागाला आळा बसतो. माझ्या प्रतिपादनाला हा अभ्यास पुष्टीच देतो.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. कायदा कडक केला तर हे धंदे बंद पडतील आणि कमी पगाराची का होईना, असलेली नोकरीही जाईल. लेस्टरमध्ये गवगवा झाल्यावर ब्रँडनी ऑर्डरी दुसरीकडे वळवल्या, गाळे रिकामे झाले, हे खरे आहे. त्या स्त्रियांचे हाल हलक्याने घेण्यासारखे नाहीत. म्हणूनच जबाबदारी छोट्या मालकावर न थांबता भाव ठरवणाऱ्या ब्रँडपर्यंत गेली पाहिजे. आणि कमी पगारानेही नोकरी टिकतेच असे नाही. चायनाटाउनचे शिलाई कारखाने स्वस्त मजुरीवर उभे होते. आयात वाढली आणि सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर परिसर बंद राहिला, तेव्हा ते भराभर मिटले. एवढी वर्षे कमी पैशांत राबूनही त्या बायकांचे काम वाचले नाही.

8. मुंबईच्या बाजारातला पुरावा

पगार कशाने वाढतो याचा एक पुरावा आपल्या दाराशी आहे. मशीद बंदरच्या घाऊक बाजारात व्यापारी बहुतांशी कच्छी आणि गुजराती, म्हणजे मुंबईत धंद्यासाठी आलेला आणि एकमेकांना धरून राहिलेला समाज. पाठीवर पोती वाहणारे हमाल सातारा, पुणे, सांगलीकडून आलेले मराठी. ते एका मालकाचे नोकर नव्हते. टोळीने काम करायचे, व्यापारी देईल ते घ्यायचे. व्यापाऱ्यांच्या एकोप्याने हमालांची मजुरी वाढली नाही, आणि हमाल एका गावचे, एका भाषेचे होते म्हणूनही ती आपोआप वाढली नाही. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले, आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी या कायद्याखालच्या मंडळाकडे भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची तरतूद करायची, अशी रचना झाली. व्यापाऱ्यांचा धंदा त्यानंतरही चालू राहिला.

म्हणून माझी विनंती आहे ती स्थलांतरित समाजांविषयी लिहिणाऱ्यांना, आणि परदेशात धंदा उभारणाऱ्या मराठी मंडळांनाही. कुठल्याही समाजाच्या यशाचा आकडा देताना मालक, पगारी कामगार आणि घरचे बिनपगारी हात यांचे उत्पन्न वेगवेगळे मांडा, तासांसकट. स्त्रियांचा रकाना स्वतंत्र ठेवा. विमा आणि कागदपत्रे कुणाकडे आहेत ते लिहा. ही माहिती नसेल तर त्या समाजाला यशस्वी म्हणण्याची घाई करू नका.